शॉन मॅकफेट यांचं किती खरं मानायचं? करारावर बंदूक धरलेल्या एका सुभेदाराचं उत्तर

आधी प्रश्न सांगतो. सांगलीकडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा धाकटा भाऊ सतरा वर्षांची नोकरी करून हवालदार म्हणून पलटणीतून निवृत्त होतोय. त्याला परदेशात 'सिक्युरिटी'च्या कामासाठी बोलावणं आलंय आणि पगार पेन्शनच्या कितीतरी पट आहे. त्याच सुमारास ताईंच्या वाचनात शॉन मॅकफेट आले. अमेरिकी फौजेतून खासगी लष्करी कंपनीत आणि तिथून प्राध्यापकीत गेलेले हे लेखक म्हणतात, पुढची युद्धं भाडोत्री फौजा लढतील. ताईंचे प्रश्न दोन: ज्या माणसाने स्वतः पैसे घेऊन हेच काम केलं त्याचं कितपत ऐकायचं? आणि भावाने जावं का?

मी मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं होतो, २०१२ मध्ये सुभेदार म्हणून बाहेर पडलो. पुढची तीन वर्षं अरबी समुद्रात आणि एडनच्या आखातात व्यापारी जहाजांवर सशस्त्र पहाऱ्याची टीम सांभाळली. आता साताऱ्यात असतो. निवृत्त होणारी पोरं आपापले करार घेऊन येतात, ते त्यांना वाचून समजावून सांगतो. मॅकफेट यांना मी प्रत्यक्ष ओळखत नाही, पण त्यांची पुस्तकं इंग्रजी डिक्शनरी शेजारी ठेवून दोन-दोनदा वाचलीत, कारण ते ज्या धंद्यावर लिहितात त्यात मी घाम गाळलाय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: भविष्य सांगायला लागले की सावध राहा, कराराबद्दल बोलायला लागले की कान देऊन ऐका.

माणूस कोण, ते आधी. मॅकफेट अमेरिकेच्या ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये अधिकारी होते, म्हणजे आपल्याकडच्या पॅराच्या तोडीची पलटण. फौज सोडल्यावर डाइनकॉर्प या खासगी कंपनीसाठी त्यांनी आफ्रिकेत काम केलं. बुरुंडीत राष्ट्राध्यक्षांचा जीव वाचवून वांशिक कत्तल टाळण्याची कामगिरी स्वतःकडे होती, असं त्यांनीच सांगितलंय. नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डॉक्टरेट, मग वॉशिंग्टनमध्ये नॅशनल डिफेन्स युनिव्हर्सिटी आणि जॉर्जटाउनला शिकवणं. २०१४ मध्ये 'द मॉडर्न मर्सिनरी' आलं, २०१९ मध्ये 'द न्यू रूल्स ऑफ वॉर'. मधे कादंबऱ्याही आल्या, पण त्या बाजूला ठेवूया.

त्यांचं सगळ्यात मोलाचं काम मला लायबेरियाचं वाटतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या या छोट्या देशात १९८० साली सॅम्युएल डो नावाच्या मास्टर सार्जंटने राष्ट्राध्यक्षांना मारून सत्ता घेतली. आपल्या हिशेबाने हवालदाराच्या जवळपासची रँक. १९८९ च्या अखेरीस यादवी पेटली आणि मधली थोडी उसंत सोडली तर २००३ पर्यंत चालली. जुलै १९९० मध्ये राजधानी मन्रोव्हियात एका ल्युथेरन चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या सुमारे सहाशे माणसांना सरकारी सैनिकांनीच कापून काढलं. ज्या गणवेशाकडे बघून जीव वाचेल असं वाटावं, तोच गणवेश रात्री चर्चमध्ये शिरला. त्यामुळे २००३ मध्ये घानाच्या राजधानीत, आक्र्याला, शांतता करार झाला तेव्हा जुनी फौज डागडुजीच्या पलीकडे गेली होती. ती पूर्ण बरखास्त करून शून्यापासून नवी उभी करायची असं ठरलं.

हे काम अमेरिकेने अंगावर घेतलं. पण इराक आणि अफगाणिस्तानात तिची फौज अडकलेली, म्हणून काम कंपन्यांना दिलं. भरती आणि प्राथमिक प्रशिक्षण डाइनकॉर्पकडे आलं. दोन हजार जवानांची फौज उभारायची होती. एका देशाची राष्ट्रीय फौज एक खासगी कंपनी कंत्राटावर बांधून देते, ही गोष्ट फौजी माणसाने जरा थांबून मनात घोळवावी. जवान कोणता घ्यायचा, त्याला काय शिकवायचं, फौजेचं कर्तव्य काय म्हणून लिहायचं, याचे आराखडे कंपनीची माणसं बनवत होती आणि मॅकफेट त्यांत होते.

उमेदवारांची पडताळणी कशी केली ते बघा. ज्या देशात सरकारी दप्तरं जळून गेलीत, तिथे एखाद्या पोराने यादवीत काय केलं हे शोधायचं कसं? आपल्याकडे भरतीनंतर पोलीस पाटील आणि ठाण्याकडून चारित्र्याचा दाखला येतो. तिथे ना ठाणं उरलेलं, ना दप्तर. म्हणून त्यांनी उमेदवारांचे फोटो आणि नावं लोकांसमोर लावली, त्यांच्या गावी माणसं पाठवली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं: याने कुणाला मारलंय का, कुणाच्या बाईवर हात टाकलाय का? बहुसंख्य उमेदवार गळाले. माझ्या मते खासगी कंपनीने केलेलं हे उत्तम सैनिकी काम आहे, आणि सरकारी फौजेने ते इतक्या चिकाटीने केलं असतं का, याची मला खात्री नाही.

आता त्याच कंत्राटाची दुसरी बाजू. प्राथमिक प्रशिक्षण अकरा आठवड्यांचं ठरलं होतं. पैसे कमी पडले तसं ते आठ आठवड्यांवर आलं. कापलेले तीन आठवडे मानवी हक्क, नागरिकशास्त्र आणि युद्धाच्या कायद्याचे होते. ज्या फौजेने चर्चमध्ये माणसं कापली तिच्या जागी आलेल्या फौजेच्या शिकवणीतून नेमका हाच भाग गेला. ड्रिल आणि फायरिंग राहिलं.

आणि याला जाब कुणी विचारायचा? करार होता अमेरिकेचं परराष्ट्र खातं आणि कंपनी यांच्यात. ज्या देशाची फौज बनत होती तो लायबेरिया करारात पक्षकारच नव्हता. लायबेरियाच्या खासदारांना कराराची प्रतही मिळत नव्हती. घर माझं, गवंडी परका, पैसे तिसऱ्याचे आणि नकाशा मला बघायला मिळणार नाही, असा प्रकार.

पुढे काय झालं? त्या फौजेने बंड केलं नाही, हे तिच्या बाजूने ठळकपणे लिहायला हवं. २०१३ मध्ये तिची एक तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर मालीला गेली. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या शांतिसैनिकांनी सांभाळलेला देश आता स्वतः शांतिसैनिक पाठवत होता. पण ऑगस्ट २०१४ मध्ये इबोलाच्या साथीत मन्रोव्हियाची वेस्ट पॉइंट ही दाट वस्ती सील केली, लोक चिडले, सैनिकांनी गोळीबार केला आणि एक कोवळा पोरगा दगावला. त्या तीन आठवड्यांमुळेच तो गेला असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा कुणाकडेच नाही. पण जमावापुढे बोट ट्रिगरवर कधी ठेवायचं आणि कधी नाही, हे ज्या वर्गात शिकवतात तो वर्ग मी घेतलेला आहे. तो कापला गेल्याचं वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

त्याच मन्रोव्हियात २००७ मध्ये आपल्या सीआरपीएफच्या शंभराहून अधिक महिला पोलीस उतरल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतलं जगातलं पहिलं संपूर्ण महिला पोलीस पथक ते. त्यांचा पगार, त्यांची शिस्त, चूक झाली तर चौकशी, जीव गेला तर तिरंगा, या सगळ्याला एक मालक होता आणि तो दिल्लीत बसलेला होता. कंत्राटावर आलेले गोरे प्रशिक्षक आणि आपल्या या पोरी एकाच शहरात, एकाच उद्देशाने काम करत होत्या. हिंमत दोन्हीकडे होती. फरक इतकाच की एका बाजूसाठी कुणीतरी उत्तर द्यायला बांधलेलं होतं.

आता समुद्रावर येतो. 'द मॉडर्न मर्सिनरी'त मॅकफेट लायबेरियाच्या शेजारी सोमालियाचं उदाहरण ठेवतात. लायबेरियात एक मोठा गिऱ्हाईक होता, तो कंपनीला बांधून ठेवत होता. सोमालियात मात्र बळाचा खुला बाजार होता: ज्याला परवडेल त्याने पहारेकरी भाड्याने घ्यावेत. त्या बाजारातला मी एक नग.

चाच्यांचा जोर होता तेव्हा चारची टीम असायची. भाव चांगला होता. रायफली जमिनीवरून नेता येत नसत, कारण बहुतेक बंदरं परवानगी देत नाहीत. म्हणून अमिरातीतल्या फुजैरा बंदराच्या बाहेर समुद्रात नांगरलेल्या जुन्या जहाजांवर शस्त्रागारं होती. तिथून हत्यार घ्यायचं, नंबर वहीत लिहायचा, गोळ्या मोजून घ्यायच्या, परत आलं की मोजून द्यायच्या. सशस्त्र पहारा असलेलं एकही जहाज चाच्यांच्या हाती गेलं नाही, असं या धंद्यात अभिमानाने सांगतात. पण २०१२ नंतर हल्ले घटले आणि जहाजमालकांनी भाव पाडले. चारचे तीन झाले. महागड्या ब्रिटिश मरीनच्या जागी एक ब्रिटिश आणि दोन आम्ही, मग तिघेही आम्ही. पहाऱ्याचे तास तेवढेच. बाजार कसा चालतो हे मॅकफेट शब्दांत सांगतात, ते आम्ही झोपेच्या तासांत मोजलं.

एक प्रसंग सांगतो. २०१३ ची गोष्ट. माझ्या टीममधला एक जवान, जावळीकडचा, लाँचमधून जहाजावर चढत होता. जहाजाच्या कडेला दोरीची शिडी सोडलेली असते, तिला पायलट लॅडर म्हणतात. लाट आली, लाँच वर उचलली गेली आणि त्याचा डावा पाय लाँच आणि जहाजाच्या पत्र्यात सापडला. हाड मोडल्याचा आवाज वरच्या डेकवर ऐकू आला. आम्ही त्याला वर ओढला, मॉर्फिन दिलं, परत बंदरात पाठवला. खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. विमा होता, पण कराराच्या मागच्या पानावर लिहिलेलं होतं की विम्याचं संरक्षण 'जहाजावर चढल्यापासून' लागू. कंपनीचं म्हणणं, तो शिडीवर होता, जहाजावर नव्हता. करार एका देशातल्या कंपनीचा, पगार दुसऱ्या देशातल्या खात्यातून, आणि वाद झाला तर तिसऱ्या देशाच्या कायद्याने. त्या पोराने दावा लावायचा तरी कुठे, मेढ्याच्या कोर्टात? पाय अजून वाकडा आहे. पलटणीत असता तर हीच दुखापत 'ऑन ड्युटी' धरली गेली असती, मेडिकल बोर्ड बसलं असतं, डिसॅबिलिटी पेन्शनची फाइल निघाली असती. ती फाइल उशिरा हलते, हे मला ठाऊक आहे. पण तिच्यावर एक पत्ता असतो.

तेव्हापासून मी करार शेवटच्या पानापासून वाचतो.

मॅकफेट यांचा आणखी एक आवडता मुद्दा असा की भाडोत्री सैनिक म्हणजे बेइमान, हा समज फ्लॉरेन्सच्या मॅकियाव्हेली या जुन्या राजकीय विचारवंताने पसरवला आणि तो अर्धाच खरा आहे. इटलीतल्या नगरराज्यांची उदाहरणं देऊन ते म्हणतात, जग पुन्हा मध्ययुगाकडे चाललंय. मराठी वाचकाला हे पटवायला फ्लॉरेन्सला जायची गरज नाही. आपल्याकडे गारदी होते. इब्राहिमखान गारदी निजामाची चाकरी सोडून सदाशिवरावभाऊंकडे आला. पानिपत डोळ्यांनी पाहिलेल्या काशीराज पंडिताच्या हकिगतीप्रमाणे लढाईच्या सकाळी तो भाऊंना म्हणाला की माझ्या माणसांच्या नियमित पगाराचा मी आग्रह धरतो म्हणून आपण रागावलात, या महिन्यात तर पगार मिळालाच नाही, पण आजवरचा पगार आम्ही फुकट खाल्ला नाही हे आज दाखवतो. १४ जानेवारी १७६१ ला त्याने ते दाखवलं, आणि पकडला गेल्यावर हाल होऊन मेला. पुढे बाराच वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ ला, सुमेरसिंग गारदी थकलेल्या पगाराचं निमित्त करून माणसांसह शनिवारवाड्यात शिरला आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. नाव तेच, धंदा तोच, तक्रारही तीच, पगाराची. पानिपतावर गारद्यांचा मालक त्यांच्या शेजारी रणात उभा होता. शनिवारवाड्यात मालक कोण, हेच घरातल्या भांडणात विकत घेता येत होतं.

तिसरं उदाहरण आमच्याच मुलखातलं. २३ सप्टेंबर १८०३ ला भोकरदनजवळ असईला शिंद्यांच्या कवायती पायदळाचं नेतृत्व पोलमन नावाच्या हॅनोवरच्या माणसाकडे होतं. त्याच्या आधीच इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या आपल्या प्रजाजनांना फोडलं होतं: सोडून या, पगार आम्ही देतो. अधिकारी गेले. शिंद्यांचा सरसेनापती पेराँ आपली दौलत घेऊन इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पोलमन स्वतः असईला लढला, पण नंतर त्यानेही कंपनी सरकारची नोकरी धरली. असईला तोफा मात्र इमानी राहिल्या. गोलंदाज देशी होते, ते तोफांपाशी उभे राहून मेले. शाळेच्या सहलीसोबत मी असईला गेलो तेव्हा पोरांना हे सांगताना घसा दाटला होता.

म्हणून मॅकफेट 'भाडोत्री सैनिकही इमानी असतो' म्हणतात ते मला मान्य आहे. पण इमान नुसतं माणसात नसतं, त्याला कुणी कशाने बांधलंय त्यावरही असतं.

आता ते कुठे चुकले. २०१९ च्या पुस्तकात त्यांनी ठासून लिहिलं की पारंपरिक युद्ध मेलं, रणगाडे-विमानांवर पैसा उधळू नका. तीन वर्षांत रशियाने युक्रेनवर चाल केली आणि जगाने पुन्हा खंदक, रणगाडे, तोफखान्याचा मारा पाहिला. तोफेच्या गोळ्यांचा साठा किती, यावर आघाडी पुढे-मागे सरकत होती. कारगिलला बोफोर्सने काय केलं हे पाहिलेल्या आमच्यासारख्यांना ते वाक्य तेव्हाच खटकलं होतं. अमेरिकेने फ्रान्ससारखी परदेशी सैनिकांची लीजन उभारावी, असंही ते सुचवतात. त्यात त्यांचा सरळ हेतू दिसतो, कंपनीपेक्षा सरकारच्या हुकमाखाली परके सैनिक बरे. पण स्वतःच्या पोरांचे मृतदेह घरी यायला नकोत म्हणून दुसऱ्याची पोरं घ्यायची, ही वाट मला पटत नाही. ती पोरं कुठल्या देशांतून येणार, हे सांगायला नको.

आणि कुठे बरोबर ठरले? फेब्रुवारी २०१८ मध्ये सीरियात देर एझ-झोरजवळ काही शे माणसांनी अमेरिकी सैनिक असलेल्या ठाण्यावर हल्ला केला. त्यांत रशियाच्या वॅग्नर कंपनीची माणसं होती. अमेरिकी विमानांनी त्यांना काही तासांत भाजून काढलं. मॉस्कोने सुरुवातीला हात झटकले: ती आमची फौज नाही. भाड्याच्या बळाची खरी किंमत हीच, नाकारता येणं. पण जून २०२३ मध्ये त्याच कंपनीचा मालक येवगेनी प्रिगोझिन रणगाडे घेऊन मॉस्कोच्या दिशेने निघाला आणि दोन महिन्यांत विमान अपघातात मेला. त्यानंतर आफ्रिकेतलं वॅग्नरचं बरंचसं काम रशियाच्या संरक्षण खात्याने ताब्यात घेतलं. विकत घेतलेली ताकद मालकावर उलटू शकते, हे मॅकफेट २०१४ पासून सांगत होते. सुमेरसिंग आपल्याला ठाऊक असल्याने आपल्याला धक्का कमी बसायला हवा होता.

ताई, आता तुमचा दुसरा प्रश्न.

आंतरराष्ट्रीय कायद्यात 'मर्सिनरी' या शब्दाची व्याख्या १९७७ च्या जिनिव्हा अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे युद्धाच्या नियमांच्या जिनिव्हा करारांना जोडलेल्या पुरवणीत आहे. सहा अटी आहेत आणि सहाही एकाच वेळी लागू पडाव्या लागतात, त्यामुळे फार थोडे त्यात सापडतात. भारत त्या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही. पण त्यावरून भावाने निर्धास्त होऊ नये. त्या व्याख्येत जो सापडला त्याला पकडल्यावर युद्धकैद्याचा हक्क नसतो. आपला जवान युद्धात सापडला तर त्याच्या सुटकेसाठी देश बोलतो. दुसऱ्याच्या युद्धात करारावर गेलेल्यासाठी देश काय म्हणून बोलणार?

हे हवेतलं बोलत नाही. २०२३-२४ मध्ये आपल्या देशातली कितीतरी पोरं मदतनीस, सुरक्षारक्षक अशा नोकरीच्या आमिषाने रशियाला गेली आणि युक्रेनच्या आघाडीवर पोचली. न समजणाऱ्या रशियन भाषेतल्या कागदांवर सह्या झाल्या होत्या. काही जण मेले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने एजंटांचं जाळं उघडकीला आणलं, पंतप्रधानांना हा विषय थेट पुतिन यांच्याकडे काढावा लागला. ती पोरं लोभी नव्हती, घर चालवायला निघालेली होती.

सगळीच परदेशी नोकरी वाईट असं मी म्हणत नाही. मी केलीय, त्या पैशांत मुलीचं शिक्षण झालं. जहाजावरच्या पहाऱ्याला २०१२ पासून गार्डकॉन नावाचा ठरावीक करार आहे. त्यात विमा किती, हुकूम कुणाचा, गोळी कधी झाडायची, हे लिहिलेलं असतं आणि जहाजाच्या कॅप्टनचा अधिकार शेवटचा राहतो. दूतावास, तेलकंपन्या, बंदरं यांचे पहारेही नीट चालतात. आपल्या २००५ च्या खासगी सुरक्षा कायद्याप्रमाणे परदेशात सुरक्षा पुरवणाऱ्या भारतीय एजन्सीला नियंत्रक अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती देण्याआधी केंद्र सरकारला विचारावं लागतं. तो परवानगीचा कागद एजंटाकडे मागा. परदेशी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या वेबसाइटवर नोंदलेला आहे का, ते स्वतः तपासा, त्याने दाखवलेल्या फोटोवर जाऊ नका. टुरिस्ट व्हिसावर 'आधी या, मग बदलून देऊ' म्हणाला तर तिथेच फोन ठेवा. कामाच्या जागेचं नाव करारात नसेल, नुसतं 'कंपनी सांगेल तिथे' असेल, तर ती जागा आघाडी असू शकते.

भाऊ कुठल्या देशात, कुठल्या कामाला जाणार हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून जा किंवा जाऊ नको असं मी इथून सांगू शकत नाही. त्याला म्हणावं, सही करण्याआधी एकदा साताऱ्याला येऊन जा. रविवारी मी घरीच असतो. करार, ऑफर लेटर, व्हिसाची प्रत असं सगळं आणायचं. आणि सगळी पानं आणायची, मोबाइलवर पहिल्या पानाचा फोटो घेऊन यायचं नाही. त्या जावळीच्या पोराचा विमा मागच्या पानावर होता.